गोळी सुरू झाल्यावरचे पहिले सहा आठवडे

मी कराडजवळच्या एका गावात ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. २०२१ च्या दिवाळीत गिऱ्हाइकांची चाळीस कापडं घरात पडून होती आणि मला सुईत दोरा ओवायलाही उठवत नव्हतं. रोज पहाटे तीनला जाग यायची. जेवण मातीसारखं लागायचं. घरच्यांनी देवऋषी केला, उतारा केला. मग एका दवाखान्यात नुसत्या झोपेच्या गोळ्या मिळाल्या, त्या मी चार महिने घेतल्या. झोप यायची, पण मन होतं तिथंच. शेवटी थोरल्या जाऊबाईंनी मला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हे नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, असल्याचं सांगितलं आणि त्यावरची गोळी सुरू केली.

त्यानंतर गावातल्या चौघींना मी स्वतः सोबत घेऊन गेले. त्यातल्या दोघींनी दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या सोडल्या. म्हणून हे लिहिते आहे. दवाखान्यापर्यंत पोचणं अवघड आहेच, पण माणूस खरा गळतो तो त्यानंतरच्या दिवसांत.

जाण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा: झोप किती, भूक कशी, कधीपासून, मरणाचे विचार येतात का. समोर बसल्यावर रडू येतं आणि बोलायचं राहून जातं. कागद पुढे सरकवता येतो. घरात कुणाला हा आजार होता का आणि दुसरी कुठली औषधं चालू आहेत, तेही लिहा. कधीकाळी भलताच उत्साह चढून झोपच नको वाटण्याचे दिवस आले असतील, तर ते आवर्जून सांगा. त्यावरून औषध बदलतं. डॉक्टर बहुधा रक्त तपासायला सांगतील. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांच्या कमतरतेतही माणूस असाच गळून जातो.

मला एस्सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध दिलं, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. माझा डोस बघून तुमचा ठरवू नका. पण एक गोष्ट सगळ्यांना लागू पडते: ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, नीट फरक पडायला सहासुद्धा. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतो. मळमळ, कोरडं तोंड, डोकं दुखणं, जीव उगाच कासावीस होणं. माझ्या गावच्या त्या दोघींनी नेमकं इथंच सोडलं, ‘औषधानं जास्तच झालं’ म्हणून. मळमळ मला नवव्या-दहाव्या दिवशी थांबली. गोळी काही खाल्ल्यावर घेतली की कमी व्हायची. त्रास सोसवत नसेल तर डॉक्टरांना कळवा, वेळ किंवा गोळी बदलून मिळते. नवरा-बायकोच्या संबंधातली इच्छा कमी होणं हाही या गोळ्यांचा परिणाम असतो. तेही लाजू नका, सांगा.

झोपेची गोळी सोबत दिली असेल तर ती किती दिवसांची आहे हे विचारून घ्या. तिची सवय लागते. माझी चार महिन्यांची हळूहळू कमी करावी लागली; एका दिवसात टाकून देऊ नका.

आता कामाचं. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. जाऊबाईंनी त्याच चौकोनांत खाली लिहायला सुरुवात केली: झोप, गोळी आणि त्या दिवशी केलेलं एक काम. समुपदेशक ताईंनी सांगितलं होतं, मन लागेल तेव्हा काम करायचं असं नाही, आधी काम करायचं, मन मागून येतं. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या साध्या समुपदेशकांकडून हीच पद्धत सहा ते आठ भेटींत शिकवली आणि बरेच रुग्ण सुधारले, असंही त्यांनी सांगितलं. माझं पहिलं काम होतं एका ब्लाउजला एक हूक लावणं. एकच. दुसऱ्या दिवशी दोन. आठवड्यानं एका साडीचा फॉल टाचला. पूर्ण ब्लाउज पाचव्या आठवड्यात. काम इतकं लहान करा की सगळ्यात वाईट दिवशीही ते होईल, आणि शक्यतो उजेडात, माणसांत बसून करा. दारू घेणाऱ्यानं या काळात ती बंद ठेवावी; तिच्यानं उदासी वाढतेच.

चोविसाव्या दिवशी चहा पिताना मी म्हणाले, ‘आलं जास्त झालंय.’ कित्येक महिन्यांनी मला चव कळली होती. जाऊबाईंनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. सुधारणा बहुतेक वेळा घरच्यांना आधी दिसते, म्हणून त्यांनी ती टिपावी.

घरच्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत, बेचैनी आणि मरणाचे विचार वाढू शकतात. गोळ्यांचं पाकीट स्वतःकडे ठेवा, फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं विचार पेरला जात नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली. दिवसरात्र, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. माझ्या वेळी तो नव्हता. पोलिसांच्या भीतीनं काहीजण दवाखान्यात जायचं टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा नाही. त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे.

सहा आठवडे नीट घेऊनही काहीच फरक नसेल तर ‘मला औषध लागू पडत नाही’ असं मनाशी ठरवू नका. डोस वाढवणं, दुसरी गोळी, जोडीला समुपदेशन, फार तीव्र आजारात भूल देऊन केलेली शॉक ट्रीटमेंट, असे पुढचे मार्ग डॉक्टरांकडे असतात.

आणि बरं वाटलं म्हणून थांबू नका. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते. अचानक सोडली की चक्कर येते, चिडचिड होते. माझी डॉक्टरांनी तीन महिन्यांत उतरवत बंद केली. शेवटची चिठ्ठी मी बॉबिनच्या डब्यात ठेवली आहे. पहाटे तीनची जाग पुन्हा आली आणि आठवडाभर टिकली, तर ती चिठ्ठी घेऊन जाऊबाईंबरोबर निघायचं, एवढं आमचं ठरलेलं आहे.