माउथ ऑर्गनला माइक कुठला घ्यायचा? आधी आवाज ठरवा, मग माइक

माउथ ऑर्गनसाठी कुठला माइक घेऊ असं कोण विचारलं की मी आधी उलट तीन गोष्टी विचारतो. वाजवतोस कुठला, थरथरत्या आवाजाचा ट्रेमोलो, बटणवाला क्रोमॅटिक की दहा भोकांचा डायटॉनिक? डोक्यात आवाज कसला आहे, स्वच्छ की फाटका? आणि माइकची वायर शेवटी जाऊन लागणार कशात, मंडळाच्या मिक्सरमध्ये की स्वतःच्या गिटार अँपमध्ये? ह्या तिन्हीची उत्तरं मिळाली की माइक जवळजवळ आपोआप ठरतोय, खरं बरेच जण नेमकं उलटं करतात, व्हिडिओत कुणाच्यातरी हातातला तो हिरवा गोल माइक बघतात, तोच मागवतात, आणि मग गणपतीत स्टेजवर शिट्टी सुटली की माइकला नावं ठेवतात.

तर आधी आवाजाचं बोलू.

स्वच्छ आवाज म्हणजे खोलीत बसून वाजवल्यावर जसं ऐकू येतंय तसंच, फक्त मोठं. फाटका म्हणजे शिकागो ब्लूजचा (अमेरिकेतल्या शिकागोत वाढलेलं ब्लूज संगीत), जाडजूड, थोडा गुरगुरणारा. १९५० च्या दशकात लिटल वॉल्टर ह्या ब्लूज वादकानं माइक हार्मोनिकासकट (माउथ ऑर्गनलाच हार्मोनिका म्हणतात) दोन्ही हातांत गच्च धरून छोट्या व्हॉल्व्हच्या अँपमधून हा आवाज काढला आणि आजपण लोक त्याच्याच मागं आहेत. खरं हे नीट लक्षात घ्या, तो आवाज एकट्या माइकचा नव्हता. हातांची पकड, माइक, आणि आवाज फाटेपर्यंत चढवलेला अँप, तिघं मिळून तो आवाज होतोय. तोच गोल माइक घेऊन तुम्ही मंडळाच्या पीएला, म्हणजे मिक्सर-स्पीकरला, लावलात तर शिकागो येणार नाही, नुसता कोंदलेला आवाज येईल.

आता थोडे आकडे, कारण ह्याच्याशिवाय माइकच्या डब्यावर लिहिलेलं कळत नाही. सी पट्टीच्या डायटॉनिकचा सगळ्यात खालचा सूर साधारण २६२ हर्ट्झचा आणि सगळ्यात वरचा साधारण २०९३ हर्ट्झचा. म्हणजे मूळ सूर सगळे ह्याच्यातच बसतात, त्याच्यावर जे असतंय ती सुरांची चमक, धार, आतल्या धातूच्या पट्ट्यांची किणकिण. शुअर कंपनीचा गायनाचा माइक एसएम५८ साधारण ५० ते १५,००० हर्ट्झपर्यंत घेतोय, त्यामुळं ती धार सगळी पुढं जाते. त्याच कंपनीचा ग्रीन बुलेट ५२०डीएक्स, म्हणजे तोच हिरवा गोल माइक, १०० ते ५,००० पर्यंतच घेतोय, वरचं कापून टाकतोय, म्हणून मधला भाग जाड वाटतोय. एक चांगला आणि दुसरा वाईट असं काही नाही, दोघांची कामं वेगळी आहेत.

आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ऑर्केस्ट्रात, गॅदरिंगला, गणपतीच्या कार्यक्रमाला माउथ ऑर्गनवर जे वाजतं ते बहुतेक हिंदी-मराठी सिनेमाची गाणी, भावगीतं, एखादं कानडी गाणं, आणि ते वाजतं ट्रेमोलोवर नाहीतर क्रोमॅटिकवर. त्यांना मी अगदी मनापासून सांगतो, बुलेटच्या नादाला लागू नका. ट्रेमोलोत एका सुराला दोन पट्ट्या असतात, एकमेकींपासून किंचित बेसूर लावलेल्या, त्यामुळंच ती थरथर येते. ती थरथर मोकळ्या हवेत छान खुलते. माइक मुठीत कोंडून, अँप फाडून वाजवलात तर दोन्ही पट्ट्या एकमेकींत मिसळून नुसता चिखल होतो आणि गाणं कुठलं तेच कळत नाही. त्याला साधा चांगला डायनॅमिक (५८ सारखा, वेगळी वीज न लागणारा) गायनाचा माइक, स्टँडवर, तोंडापासून चार बोटं ते एक वीत लांब. बास.

क्रोमॅटिकला पण तोच माइक चालतो, फक्त जास्त जवळ गेलात तर बटणाची टकटक आणि श्वास दोन्ही ऐकू येतात. आणि एक सोय अशी की कार्डिऑइड, म्हणजे ५८ सारख्या मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या, माइकच्या जवळ गेलं की खालचे सूर फुगतात, हा त्या माइकचा गुणच आहे. संथ गाण्यात मुखड्याला जरा जवळ या, वरच्या सप्तकात गेल्यावर थोडं मागं सरका, आवाजात लगेच जीव येतोय. हे नुसत्या अंतराचं काम आहे, ह्याला कुठलं मशीन लागत नाही.

५८ घेताना एक काळजी घ्या, ह्या मॉडेलच्या नकला बाजारात भरपूर आहेत. खऱ्याचं वजन साधारण २९८ ग्रॅम असतंय. वाण्याच्या काट्यावर ठेवून बघा, बरंच हलकं भरलं तर परत करा. वजन बरोबर आलं म्हणून खराच असं नाही, म्हणून बिलासकट, ओळखीच्या दुकानातूनच घेतलेलं बरं.

दुसरा प्रकार कंडेन्सर माइक, त्याला ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज, लागते आणि तो सगळं ऐकतो, बारीकसारीक. घरी रेकॉर्डिंगसाठी क्रोमॅटिकला ह्याच्यासारखा गोड काही नाही, खरं तो पंखापण ऐकतो, कुकरची शिट्टीपण, आणि जून-जुलैत पत्र्यावरचा पाऊस तर हमखास. खोली शांत नसेल तर डायनॅमिकवरच थांबा.

आता डायटॉनिकवाले, ज्यांना खरंच ब्लूज वाजवायचाय. तुमच्यासाठी हातात धरायचा माइक, आणि इथं माइकच्या आधी हात. माइक आणि हार्मोनिका मिळून हातात अशी बसली पाहिजेत की कुठून हवा निसटत नाही. ती पकड जमली की आवाज आपोआप जाड होतोय, आणि बोटं उघडली की वाऽ करून खुलतोय. बुलेट असतो लहान मोसंबीएवढा, त्यामुळं घ्यायच्या आधी खरोखरच एक मोसंबी हार्मोनिकाच्या मागं धरून वाजवून बघा. हात लहान असतील तर एसएम५७ किंवा जुना शुअर ५४५ ह्यांच्यासारखा बारीक तोंडाचा माइक बरा पडतोय. ब्लूज हार्मोनिकावाला पॉल बटरफिल्ड ५४५ वरच वाजवायचा, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही. ऑडिक्सचा फायरबॉल व्ही पण हातात धरण्यासाठीच बनवलाय, त्याला आवाजाचं बटण माइकवरच असतं, स्टेजवर ते फार उपयोगी.

कार्डिऑइड माइक मुठीत धरला की त्याची मागची भोकं झाकली जातात आणि मग तो चारी बाजूंनी ऐकायला लागतो. शिट्टी इथूनच येते. म्हणून स्पीकरच्या पुढं उभं राहू नका, मॉनिटर खाली करून घ्या, ट्रेबल कमी करा. साउंडवाल्याला नीट सांगायचं, "मामा, माइक हातात झाकून वाजवणार हाय, ट्रेबल जरा उतरवा की, आणि इको नको." आपल्याकडं मिक्सरवर इको सढळ हातानं सोडतात, गायकाला ते खपून जातं, माउथ ऑर्गनचे सूर मात्र एकावर एक चढतात.

जुन्या ॲस्टॅटिक जेटी-३० सारखे क्रिस्टल माइक कुणी विकायला काढले तर आवाजाच्या मोहात लगेच पडू नका. त्याच्या आतला स्फटिक रोशेल सॉल्टचा असतो, ते एक मीठच आहे, ओलाव्यानं खराब होतं आणि साधारण ५५ डिग्रीच्या आसपास गेलं की कायमचं जातं. आपल्याकडं दोन्ही संकटं आहेत. खानापूर-कणकुंबीकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे, आणि एप्रिल-मेमध्ये चिकोडीत उन्हात लावलेल्या गाडीच्या आत माइक विसरलात तर संपलाच. घ्यायचाच असेल तर आधी वाजवून बघा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, गाडीत कधीही सोडू नका.

शेवटी वायर. ह्याच्यावर लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि अर्धी गडबड इथंच होते. बुलेट हा हाय इम्पीडन्सचा (इम्पीडन्स म्हणजे माइकच्या सिग्नलला होणारा विजेचा अडथळा), त्याला पी-३८ पिन, म्हणजे गिटारला असते ती जाड पिन, असते, ती गिटार अँपमध्ये सरळ जाते. मिक्सरला लावायचा असेल तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे हाय इम्पीडन्सचा सिग्नल लो करणारी डबी, पाहिजे, नाहीतर आवाज दबलेला येतो. ५८, ५७ लो इम्पीडन्सचे, एक्सएलआरवाले (तीन पिनांची गोल जोडणी), मिक्सरला सरळ. ते गिटार अँपला लावायचे तर मध्ये इम्पीडन्स मॅचिंग ट्रान्सफॉर्मर घाला, छोटी नळीसारखी वस्तू असते. नुसती एक्सएलआर ते पी-३८ वायर लावूनपण आवाज येतो, खरं अशक्त येतो आणि मग अँप उगीच वाढवत बसावं लागतं. मंडळाच्या कार्यक्रमाला जाताना हा ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय, आणि एक जादा वायर, स्वतःच्याच पिशवीत ठेवा, तिथं मागितल्यावर मिळेल ह्या भरवशावर जाऊ नका.

पैसे मर्यादित असतील तर आधी चांगला डायनॅमिक घ्या, तो सगळीकडं चालतो. ब्लूजच करायचं पक्कं झालं तर त्याच्यानंतर छोटा व्हॉल्व्ह अँप, आणि बुलेट त्याच्याही नंतर.