ताज्या भाजीचा वाटा वस्तीत न्यायचा, तर निधी मागण्याआधीची तयारी

ज्या वस्तीतून ताजी भाजी आणायला दोन बस बदलाव्या लागतात, तिथे थेट शेतातली टोपली पोचवायची असेल तर निधीचा अर्ज थोडे दिवस बाजूला ठेवा. आधी पैसा नेमका कशाला लागणार, ते दोन वाक्यांत लिहून काढा. ‘गरजू कुटुंबांना सवलतीत भाजी’ एवढं लिहून भागत नाही. ही समुदाय-समर्थित शेतीची पद्धत. तिच्यात सभासद हंगामाआधी पैसे भरून शेताच्या पिकातला एक वाटा घेतो, तो त्याला हंगामभर टोपलीतून मिळत राहतो, आणि पीक कमी आलं तर तो कमी भाजी घेतो. त्यामुळे शेतकऱ्याला पेरणीसाठी कर्जामागे धावावं लागत नाही. जपानमध्ये १९७०च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने आणि अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर ही पद्धत रुजली, तेव्हापासून तिचा पाया हाच आहे. पण हातावर पोट असलेल्या घराला यातलं काहीच परवडत नाही. सहा महिन्यांचे पैसे एकदम निघत नाहीत, आणि गारपिटीने टोपली अर्धी झाली तर तो तोटाही सोसवत नाही. निधीने ही दोन ओझी उचलायची आहेत, हे मनाशी पक्कं करा.

मग शेतकऱ्याबरोबर वही घेऊन बसा. बी-बियाणं, खत, पाणी, मजुरी, गाडीभाडं, खोकी, अवजारांची झीज हे सगळं मांडा आणि त्यात शेतकऱ्याची स्वतःची मजुरी धरली आहे ना, ते दोनदा तपासा. ती बहुतेकदा राहून जाते, कारण तो स्वतःच ती सांगत नाही. एकूण खर्चाला वाट्यांच्या संख्येने भागलं की एका वाट्याची खरी किंमत निघते. ही किंमत कोणासाठीही खाली ओढू नका. शेतकऱ्याच्या खिशातून वस्तीला सवलत देणं हा अन्याय आहे आणि तो फार तर एक हंगाम चालतो.

आता तूट काढा. समजा ६० वाटे आहेत आणि त्यातली २० कुटुंबं निम्मीच रक्कम देऊ शकतात. म्हणजे १० पूर्ण वाट्यांची तूट आली. बाकीच्या ४० घरांनी आपल्या रकमेवर एक अष्टमांश जास्त दिले, तर त्यातली ५ वाट्यांची तूट भरून निघते. उरलेल्या ५ वाट्यांचे पैसे अनुदानातून हवेत आणि ते परत येणार नाहीत. शिवाय त्या २० घरांची निम्मी रक्कम, म्हणजे आणखी १० वाट्यांचे पैसे, दर आठवड्याला थोडे थोडे येणार, पण शेतकऱ्याला ते पेरणीआधी हवेत. त्यासाठी फिरता निधी लागतो. तो आधी शेतकऱ्याला द्यायचा, हप्त्यांतून परत भरायचा आणि पुढच्या हंगामात पुन्हा वापरायचा. या दोन मागण्या देणगीदारापुढे वेगवेगळ्या मांडा. खर्च होणारा पैसा आणि फिरून येणारा पैसा एकाच आकड्यात घातले की मागणी फुगलेली दिसते आणि हिशोब देताना तारांबळ उडते. फिरत्या निधीतही काही हप्ते बुडणार, हे धरून चला.

जास्त देणारी घरं कशी मिळतील, याचाही विचार आत्ताच करा. जर्मनीत अशा अनेक शेतांवर हंगामापूर्वी सगळे सभासद जमतात, शेताचं अंदाजपत्रक सर्वांसमोर ठेवलं जातं आणि प्रत्येक जण आपल्याला झेपेल तो आकडा चिठ्ठीवर लिहून देतो. बेरीज खर्चाला पुरली नाही तर चिठ्ठ्या पुन्हा फिरतात. मला ही रीत फार मोलाची वाटते, कारण कोणालाही आपली गरिबी सिद्ध करायला दाखला आणावा लागत नाही.

सरकारी मदतीवर भिस्त असेल तर तिचे नियम मुळापासून वाचा. अमेरिकेत ‘स्नॅप’ या अन्नसाहाय्यातून वाट्याचे पैसे भरता येतात, पण भाजी हाती येण्याच्या फार तर १४ दिवस आधी. म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम त्यातून उभी राहत नाही. तिथेही फिरता निधी लागतोच. तारखांचंही तसंच. अनुदान मंजूर होऊन खात्यात येईपर्यंत पेरणी उलटून जाऊ शकते, म्हणून या हंगामाचा अर्ज मागच्या हंगामातच करायला घ्या. संस्थेची नोंदणी, बँक खातं, सह्यांचे अधिकार आणि लेखापरीक्षण ही कामं त्याआधी उरकलेली असावीत.

वस्तीत जाताना प्रश्नावली नेऊ नका. संध्याकाळी जा, चुलीपाशी बसा. घरात फ्रिज आहे का, शेगडी एक की दोन, स्वयंपाकाला वेळ किती मिळतो, कोणती भाजी मुलं खातात, हे बोलता बोलता कळतं. मोठी टोपली बघायला छान दिसते, पण फ्रिज नसलेल्या घरात तिसऱ्या दिवशी पालेभाजी पिवळी पडते आणि बाईला टाकताना जिवावर येतं. तिथे आठवड्यातून दोनदा अर्धा वाटा बरा. ती वाढीव फेरी अंदाजपत्रकात धरा.

भाजी घ्यायची जागा आणि वेळ ठरवताना कंजूषपणा नको. केंद्र सहाला बंद होत असेल आणि कामाची पाळी सातला सुटत असेल, तर सवलत कितीही दिली तरी त्या टोपल्या टेबलावरच राहणार. मी अशा टोपल्या पाहिल्या आहेत, खोक्यावर घराचा क्रमांक लिहिलेला आणि वरची मेथी मान टाकून पडलेली. केंद्र उशिरापर्यंत उघडं ठेवणाऱ्या माणसाला मानधन द्या, आणि तो वस्तीतलाच असू द्या. खोकी सगळ्यांची सारखीच हवीत. कोण किती भरतो याची वही वाटपाच्या टेबलावर कधीही नको.

पीक बुडालं तर काय, हे लेखी ठरवा. एक छोटी राखीव रक्कम अशी ठेवा की भाजी कमी आली तर कमी उत्पन्नाच्या घरांना दुसऱ्या शेतकऱ्याकडून घेऊन देता येईल. देणगीदार सहसा सगळ्यात आधी याच रकमेवर काट मारतात. ती वाचवण्यासाठी भांडा.

आणि पहिल्या आठवड्यापासून तीन गोष्टी टिपायला वही तयार ठेवा: किती खोकी उचलली गेली, किती हप्ते आले, आणि जे घर यायचं थांबलं ते का थांबलं. तिसऱ्यासाठी त्यांच्या दारापर्यंत जावं लागेल. ते काम कोण करणार, त्याचं नाव आजच लिहा.