दारात भांडी घेतली आणि आता पैसे परत हवेत? या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे भांड्यांचे सेट विकणारे वाड्यावाड्यांतून फिरू लागतात. गेल्या वर्षी दोघे मामीकडे आले. ‘दहाच मिनिटं’ म्हणून बसले ते अडीच तास हलले नाहीत. तिच्या जुन्या टोपात खायच्या सोड्याचं पाणी उकळून तिलाच चाखायला दिलं. “कडवट लागतं ना? हेच रोज पोटात जातं.” मामी घाबरली. सोडा उकळला की त्याचा धुण्याचा सोडा होऊ लागतो, तो कुठल्याही भांड्यात उग्रच लागणार. पण हे तेव्हा सांगायला घरात कोणी नव्हतं. 52,000 चा सेट ठरला, 5,000 आगाऊ यूपीआयने गेले.

दारात आलेल्याला पाणी विचारावं, ती आपली रीत. पण पाणी दिलं म्हणून आत बसवायलाच हवं असं नाही. डायरेक्ट सेलिंगच्या, म्हणजे दुकानाशिवाय विक्रेत्यांमार्फत थेट ग्राहकाला माल विकण्याच्या, 2021 च्या नियमांनुसार अशा कंपनीच्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी यायचंच नसतं. ओळखपत्र मागितलं की निम्मे तिथूनच वळतात.

मोबाइल नंबर छापलेलं कार्ड म्हणजे बिल नव्हे. मामीकडे तेवढंच होतं, वर एक सही केलेला ऑर्डर फॉर्म, तोही आम्हाला कपाटात शोधावा लागला. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक बघा. सुरुवातीला 30 असेल तर नोंदणी गोव्याची, 27 महाराष्ट्राची, 29 कर्नाटकाची. बाहेरची नोंदणी म्हणजे लबाडी नव्हे, पण पुढे पत्र कुठल्या पत्त्यावर धाडायचं ते कळतं. सेटमध्ये प्रेशर कुकर असेल तर आयएसआय खूण सक्तीची आहे.

सगळ्यात महागात पडतो तो एक समज: ‘दहा दिवसांत काहीही परत करता येतं.’ असा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. डायरेक्ट सेलिंगच्या ऑर्डर फॉर्मवर मात्र ऑर्डर रद्द करण्याची आणि विकण्याजोग्या स्थितीतला माल परत करण्याची माहिती द्यावीच लागते. माल सदोष असेल आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर 30 दिवसांत तो परत घ्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित प्रथा ठरते. म्हणून तक्रारीत ‘आता नको वाटतं’ असं मोघम लिहू नका. विक्रेता काय खोटं बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा.

मामीने सहा फोन केले. दर वेळी ‘साहेब गावी गेलेत’. फोनचा पुरावा राहत नाही. आम्ही फॉर्मवरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र आणि ईमेल धाडलं: ऑर्डरची तारीख, दिलेली रक्कम, ऑर्डर रद्द, पैसे अमुक तारखेपर्यंत खात्यात. उरलेली रक्कम दिली नाही. खोकं घरी आलंच असेल तर उघडू नका; एकदा फोडणी पडली की ‘वापरलेला माल’ हे त्यांना आयतंच मिळतं. हप्त्यावर घेतलं असेल तर कर्ज देणाऱ्यालाही त्याच दिवशी कळवा. डिजिटल कर्जातून दंड न भरता बाहेर पडायला किमान एक दिवस मिळतो, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च मात्र भरावा लागतो.

उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आम्ही तेच केलं आणि तीन आठवड्यांनी पैसे आले. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग: उत्तर गोव्यासाठी पर्वरी, दक्षिणेसाठी मडगाव. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो तिथे दावा लावता येतो. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. फोंडेकरांनी पर्वरीची बस धरू नये, आपला तालुका 2015 पासून दक्षिणेत आहे.

आणि ‘भेट’ म्हणून दिलेली वस्तू परत करायची आहे असंही पत्रात लिहा, नाहीतर तिची किंमत कापून घेतात. मामीने ती चाळण कागदात गुंडाळून पडवीत ठेवली होती. न्यायला कोणी आलं नाही.