दर बघता, भाव बघत नाही: परदेशातल्या खर्चाच्या हिशेबात या चुका टाळा

परदेशात राहणारा माणूस सकाळी उठल्यावर एक आकडा हमखास बघतो: आजचा विनिमय दर. दर आपल्या बाजूने सरकला की स्वारी खूश. पण महिनाअखेरीस हातात काय उरणार हे त्या एका आकड्यावर ठरत नाही. तिथले भाव किती वेगाने चढताहेत, तेही सोबत धरावं लागतं. बहुतेकांचा हिशेब फसतो तो इथेच.

चलन पडलं म्हणजे देश स्वस्त झाला?

सगळ्यात महागात पडणारी समजूत ही. तुर्कस्तानचं 2022 साल घ्या. वर्षाच्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण 13.3 लिरा मिळत होते, अखेरीस 18.7. डॉलरमध्ये कमावणाऱ्याच्या हातात जवळपास 40 टक्के जास्त लिरा येऊ लागले. ऐकायला झकास! पण त्याच डिसेंबरात तिथली अधिकृत वार्षिक महागाई होती 64.27 टक्के. म्हणजे 100 लिरांचं सामान 164 ला, आणि जिथे 100 लिरा मिळायचे तिथे आता 140. 164 ला 140 ने भागा. ज्या सामानाला आधी 100 डॉलर लागायचे, त्याला आता 117 लागणार. लिरा आपटला, तरी डॉलरवाल्याचा खर्च वाढलाच. भागाकार एका ओळीचा आहे, पण तो करतो कोण?

उलटही घडतं. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने 2011 पासून एका युरोला किमान 1.20 फ्रँक हा दर राखून धरला होता. 15 जानेवारी 2015 ला तो अचानक सोडून दिला आणि युरो जवळपास एका फ्रँकवर आला. युरोत पेन्शन घेऊन तिथे राहणाऱ्याच्या 1000 युरोंचे 1200 फ्रँक व्हायचे, ते हजाराच्या आसपास उरले. गंमत म्हणजे त्या वर्षी तिथले भाव सरासरी एक टक्क्याने उतरले होते. महागाई नाही, तरी घरखर्चाला कात्री.

बांधलेला दर म्हणजे निश्चिंती नव्हे

संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. डॉलर कमावत असाल तर ठीक. पण तुमची बचत किंवा मायदेशातले हप्ते तिसऱ्याच चलनात असतील, तर डॉलर हलला की तुमचं गणितही हलणार. शिवाय दर बांधला म्हणून घरभाडं बांधलं जात नाही.

कर्जाच्या बाबतीत तर हे विसरूच नका. हंगेरीत अनेकांनी कमी व्याजाच्या मोहाने स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जं घेतली, कमाई मात्र फोरिंट या तिथल्या चलनात. 2008 नंतर फ्रँक वधारला आणि हप्ते फुगले. कमाई ज्या चलनात, कर्ज त्याच चलनात.

सरकारी महागाई म्हणजे तुमची महागाई नव्हे

महागाईचा सरकारी आकडा तिथल्या सरासरी कुटुंबाच्या खर्चावर बेततात. तुमचा खर्च वेगळा: नव्या करारावरचं घरभाडं, मुलांची आंतरराष्ट्रीय शाळा, आरोग्यविमा, मायदेशी जायची विमानाची तिकिटं. बऱ्याच शहरांत जुन्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण असतं आणि नव्याला बाजारभाव. आपल्याच पाच-सहा मोठ्या खर्चांची नोंद दर तीन महिन्यांनी ठेवा. सरकारी आकड्यापेक्षा ती जास्त खरं बोलते.

किरकोळ गळतीही असते. कार्डच्या मशीनने ‘तुमच्या चलनात पैसे घेऊ का?’ असं विचारलं तर नको म्हणा आणि तिथलंच चलन निवडा, नाहीतर दर मशीनवाले ठरवतात. पैसे पाठवून देणाऱ्या ‘शुल्क शून्य’ वाल्यांकडे शुल्क बहुधा दरातच लपलेलं असतं. पलीकडे हातात किती पडणार, तेवढंच विचारा.

पैसे पुरत नाहीत, तर दुखणं कुठे आहे?

तीन महिन्यांचा खर्च दोन रकान्यांत लिहा: तिथल्या चलनात आणि कमाईच्या चलनात. पहिला रकाना स्थिर आणि दुसरा चढतोय, तर दोष दराचा. मग पगाराचा थोडा भाग तिथल्याच चलनात मिळतो का ते विचारा, आणि दर कोणत्या तारखेचा धरणार हे करारात लिहून घ्या. पहिलाच रकाना चढत असेल तर तिथली महागाई छळतेय. दराचं ॲप बंद करून घरभाड्याची किंवा पगारवाढीची बोलणी सुरू करा. दोन्ही रकाने स्थिर आणि खातं तरी रिकामं, तर बँकेचं शुल्क आणि आपल्याच सवयी तपासायला घ्या.