‘रन’ म्हणजे फक्त धावणं नव्हे

शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ असं एकदा पाठ केलं की ते डोक्यातून जात नाही. मग ‘माय नोज इज रनिंग’ वाचलं की नाक धावताना दिसतं! ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचं काम करणाऱ्यांनी या एका क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ मोजलेत. ते पाठ करायच्या फंदात पडू नका.

त्याऐवजी शेजारचा शब्द बघा. नाक असेल तर वाहतं, दुकान असेल तर चालवतात, धुण्यातला रंग असेल तर जातो, निवडणूक असेल तर लढवतात. पुढे ‘आउट ऑफ’ आलं की वस्तू संपली: दूध, पेट्रोल, कधी पैसेही. ‘इनटू’ आलं आणि समोर माणूस असेल, तर तो अचानक भेटला. म्हणून वहीत सुटा ‘रन’ लिहू नका, ‘रन अ शॉप’, ‘रन अ फीव्हर’ अशी जोडीच लिहा. दुसरीचा अर्थ अंगात ताप असणं.

हे अवघड वाटलं तर आपला ‘लागणे’ आठवा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, गाडी लागते, आंबट आवडणाऱ्याला चिंच गोड लागते. यातलं काही कुणी आपल्याला यादी करून शिकवलं होतं का?

कोश घेताना शिकणाऱ्यांसाठीचा घ्या. त्यात रोजच्या वापरातले अर्थ बहुधा आधी येतात आणि उदाहरणंही असतात. आधी उदाहरणं वाचा, व्याख्या नंतर.