इंजिनिअरिंगला बॅक लागतेय, विषय राहतोय? मदत मागताना या चुका टाळा

परीक्षेचे फॉर्म सुटले की माझ्या केबिनबाहेर पोरं दिसायला लागतात. सेमिस्टरच्या सुरुवातीला याच व्हरांड्यात कुणी फिरकत नाही. दाराशी घुटमळत आत येतात आणि सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "सर, एम-थ्रीचं काहीच समजत नाही." एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं गणित. धुळ्याकडचा एखादा घाबरला की घरच्या बोलीत बोलून जातो, "माले काहीच समजस नही, सर."

जळगावात बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना गणित शिकवतोय. हुशारी कमी पडली म्हणून नापास झालेले फार थोडे पाहिले. मदत उशिरा मागितली, नाहीतर भलत्याच गोष्टीची मागितली, म्हणून अडकलेले कितीतरी.

"काहीच" घेऊन येऊ नका

मागच्या वर्षी चोपडा तालुक्यातला एक मुलगा आला. दोन वेळा एम-थ्री राहिलेला. त्यातला लाप्लास ट्रान्सफॉर्मचा धडा डोक्यावरून जातो म्हणाला. मी त्याला एक सोपं गणित दिलं: १ भागिले (एस + १)(एस + २), याचं इन्व्हर्स काढ. त्यानं सूत्र बरोबर लिहिलं आणि पेन थांबलं. या एका अपूर्णांकाचे दोन तुकडे कसे करायचे, हे त्याला येत नव्हतं. म्हणजे लाप्लास त्याला येत होतं, अडलं होतं ते पार्शल फ्रॅक्शनपाशी. वीस मिनिटांत आम्ही ते केलं. वरचे अंक १ आणि उणे १ आले, पुढचं उत्तर त्यानंच लिहिलं, आणि तशीच आणखी चार गणितं माझ्यासमोर सोडवली. वर्षभर तो चुकीच्या धड्याला घाबरत होता.

असं का होतं? इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. पर्याय ठेवून बघायची, नाहीच जमलं तर अंदाजानं गोळा भरायची सवय तिथं लागते. इथं पायरीला मार्क आहेत आणि पायरी लिहायचा हात बसलेलाच नसतो. म्हणून येताना सोडवून अडकलेलं पान घेऊन या. चुकलेली ओळ खोडू नका. मला तीच बघायची असते.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यांचे प्रवेश लांबतात, ते वर्गात बसेपर्यंत एखादं युनिट होऊन गेलेलं असतं. वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगला ही पोरं इतरांच्या पुढं असतात, पण गणिताला मागच्या बाकावर गप्प बसतात. बाबांनो, पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना सांगा की मागचं युनिट बुडलंय. परीक्षा तोंडावर आल्यावर सांगून उपयोग नाही.

विद्यापीठाकडे डोळे लावून बसू नका

खान्देशातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. लोणेरे तिकडे रायगड जिल्ह्यात, माणगावजवळ. एवढ्या मोठ्या विद्यापीठातून अभ्यासक्रम येतो, पेपर येतो, निकाल येतो. तुम्ही कुठल्या पायरीवर अडलात, हे तिथं कुणाला कळणार? ते कळतं कॉलेजच्या व्हरांड्यातच. तुमच्या वीस-पंचवीस जणांमागे एक गार्डियन शिक्षक नेमलेले असतात. त्यांच्याकडे फक्त सहीसाठी जाऊ नका.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि त्यात पोरांचा दोष नाही. जादा तास ठेवतात कॉलेज सुटल्यावर. एरंडोल, यावल, पारोळ्याहून एस.टी.नं ये-जा करणारी मुलं, विशेषतः मुली, शेवटची गाडी चुकेल म्हणून थांबत नाहीत, आणि हजेरीपटावर "गैरहजर" लागतं. चूक एवढीच की ती हे सांगत नाहीत. चार-पाच जणींनी मिळून येऊन सांगा, "सर, साडेपाचची गाडी गेली की आम्हाला गाडी नाही." मधल्या सुटीत अर्धा तास काढता येतो. मला असं सांगणाऱ्या मुलींमुळेच माझा जादा तास दुपारी आला.

मिड सेमचा पेपर परत देऊन टाकू नका

लोणेरेच्या पद्धतीत एका थिअरी विषयाचे १०० मार्क असे वाटलेले असतात: सेमिस्टरभराच्या कामाचे २०, मिड सेमचे, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचे २०, शेवटच्या परीक्षेचे ६०. मिड सेमचा तपासलेला पेपर दाखवला की पोरं कोपऱ्यातला आकडा बघतात आणि पेपर पुढे सरकवतात. थांबा. लाल रेघ कुठल्या ओळीखाली आहे ते वहीत उतरवून घ्या. ६० मार्कांच्या पेपरला तुम्ही बहुतेक तिथंच पडणार असता, आणि तेव्हा सांगायला कुणी नसतं.

व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नव्हे. एनपीटीईएल या ऑनलाइन पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, परीक्षा द्यायची तरच फी. जरूर बघा, पण गणित सुरू झालं की व्हिडिओ थांबवा, स्वतः सोडवा, मग पुढं जा. दुप्पट वेगानं बघितलेलं परीक्षेत हाताला येत नाही.

आणि भाषा. इंग्रजी उत्तरं पाठ करून आलेला मुलगा ओरलला दुसऱ्याच प्रश्नाला गळतो. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी समजून घ्यायला मराठी, अहिराणी, लेवा गणबोली, जी घरात बोलता ती वापरा. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईनं २०२१-२२ पासून मराठीतूनही इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आहे, आणि त्यांच्या ई-कुंभ पोर्टलवर मराठी पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. इंग्रजी पुस्तकाशेजारी ते उघडं ठेवा.

बॅक लागलीच तर

घरी सांगा. फी भरायला बापानं कापूस विकलेला असतो, म्हणून पोरगं गप्प राहतं, हे मला समजतं. पण गप्प राहिलेल्या पोराचा बॅकचा परीक्षा फॉर्मही राहतो, कारण पैसे कशाचे सांगायचे हा प्रश्न असतो. असं एकेक वर्ष वाया गेलेलं मी पाहिलंय.

निकाल अनपेक्षित वाटला तर रागाच्या भरात थेट रिव्हॅल, म्हणजे पेपर पुन्हा तपासण्याचा अर्ज, टाकू नका. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. मुदत थोडी असते, निकालाच्याच दिवशी नोटीस बघा. कॉपी हातात आली की विषयाच्या शिक्षकांसमोर बसून ओळन् ओळ तपासा. मार्क द्यायचे राहिले असतील तर अर्ज करा. नसतील तर तीच कॉपी घेऊन दुसऱ्या दिवशी केबिनला या, पुढच्या परीक्षेची तयारी तिथूनच सुरू करू.