मायक्रोप्लास्टिक : या चुका टाळा, चहापासून सुरुवात करा

सोयाबीनच्या काढणीला आमच्या शेतात फाट्यावरनं चहा यायचा, तोही पातळ पिशवीत. उकळता चहा, वर दोऱ्याची गाठ, पिशवी मोटारसायकलच्या हँडलला. दोन वर्षांपूर्वी मीच आणत होतो. खड्ड्यात गाडी आदळली, पिशवी फाटली, चहा मांडीवर. भाजलेलं आठ दिवसांत बरं झालं. पण हातात राहिलेली पिशवी ओढली तर ती वाळत घातलेल्या ओल्या पापडासारखी लांबत गेली. हे आपण इतकी वर्षं पीत होतो?

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला : कागदी कप आणले. हीही चूकच. कागद गळू नये म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना २०२० मध्ये आढळलं की अशा कपात १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण, म्हणजेच मायक्रोप्लास्टिक, सुटतात. काढणीच्या दिवसात गडी तीन कप सहज घेतो.

आता स्टीलची किटली आणि एकात एक बसणारे ग्लास. "सर, धुवायचं कोण?" हा प्रश्न दरवर्षी येतो. मी धुतो. दोन मिनिटं लागतात.

बाटलीचं पाणी म्हणजे शुद्ध, हीही समजूत सोडा. अमेरिकेत २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्यात लिटरमागं सरासरी २ लाख ४० हजार कण सापडले, त्यातले बहुतेक नॅनो आकाराचे, म्हणजे मायक्रोहूनही बारीक. आणि ज्या बोअरच्या पाण्याला आपण शिव्या देतो, पातेल्याला पांढरा थर चढतो म्हणून, तोच थर इथं उपयोगी. चीनमधल्या २०२४ च्या प्रयोगात जड पाणी पाच मिनिटं उकळल्यावर क्षारांनी कण आपल्यात गुंडाळून घेतले, खूप जड पाण्यात तर ९० टक्क्यांपर्यंत. मी उकळतो, निवळू देतो, दुहेरी सुती फडक्यानं गाळतो. फ्लोराइड आणि नायट्रेट मात्र उकळून जात नाही, ते वेगळं तपासून घ्या.

चूल पेटवायला कॅरीबॅग नको. गरम वरण प्लास्टिकच्या डब्यात नको.

राहिली घाईची मंडळी. व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ बघितला की लगेच शरीरातलं प्लास्टिक काढायची पावडर मागवतात. असं काढून टाकणारी सिद्ध झालेली पावडर नाही. इटलीतल्या २०२४ च्या अभ्यासात मानेच्या धमनीतला चरबीचा थर काढलेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन, म्हणजे पिशव्यांचं प्लास्टिक, सापडलं. ज्यांच्या थरात प्लास्टिक होतं त्यांच्यात पुढच्या तीनेक वर्षांत हार्टअटॅक, लकवा किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. संबंध दिसला, पण प्लास्टिकमुळंच झालं हे त्यातून ठरत नाही. तेवढ्यावर घाबरून पावडरीला पैसे घालण्यापेक्षा किटली घ्या.

आणि टरबुजाचा मल्चिंग पेपर (नावाला पेपर, वाफ्यावर अंथरायचं प्लास्टिकच ते) रोटाव्हेटरखाली घालू नका, तुकडे होऊन मातीत मिसळतं. वेचायला मजुरी जाते, ठाऊक आहे. मागच्या उन्हाळ्यात दोन एकरांतला मी वेचला, कंबर अजून बोलते.